तेरा बोल्टांचा पॅन

१२ ऑगस्ट १९५३. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या लिव्होनिया गावात जनरल मोटर्सचा एक भलामोठा कारखाना होता. छताखालचं क्षेत्रफळ सुमारे १५ लाख चौरस फूट. त्या दुपारी वरच्या बाजूला गॅस टॉर्चने काम चालू होतं. टॉर्चची ठिणगी कन्व्हेयरखालच्या ट्रेमध्ये पडली आणि ट्रेमधल्या ज्वालाग्राही द्रवाने पेट घेतला. पाठोपाठ छपरावरचं डांबर वितळून खाली ठिबकू लागलं. एवढ्या अवाढव्य इमारतीत आग अडवणारी एकही आडवी भिंत नव्हती. काही तासांत सगळा कारखाना जमीनदोस्त झाला. त्यात कामगारांचेही जीव गेले.

हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कंपनी फक्त याच कारखान्यात बनवत होती. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲक या तिच्या स्वतःच्या तिन्ही गाड्यांना तो लागायचा. शिवाय लिंकन, हडसन, नॅश, कायझर हे प्रतिस्पर्धीही तो तिच्याकडूनच विकत घेत. एका दुपारीत या सगळ्यांच्या गाड्या अडकून पडल्या.

मग तात्पुरता मार्ग निघाला. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्यूकचा डायनाफ्लो बसवला गेला आणि पॉन्टिॲकला शेवरलेचा पॉवरग्लाइड देण्यात आला. दोन्ही गिअरबॉक्स याच कंपनीचे होते, दोन्ही ऑटोमॅटिक होते, आणि दोन्हींत चालकाच्या पायाखाली क्लच नव्हता. शोरूममध्ये उभ्या असलेल्या ग्राहकाला गाडीत कसलाच फरक दिसत नव्हता. रस्त्यावर आल्यावर मात्र तो लगेच जाणवायचा. हायड्रामॅटिकची कॅडिलॅक चार स्पष्ट टप्प्यांत वेग घ्यायची आणि प्रत्येक बदलाचा हलका धक्का पाठीला जाणवायचा. डायनाफ्लोच्या कॅडिलॅकमध्ये एकही टप्पा नव्हता. इंजिनाचा आवाज एका पट्टीवर स्थिर व्हायचा आणि गाडी संथपणे पुढे सरकत राहायची. बाहेरून तीच गाडी आणि तेच इंजिन असूनही चालवताना ती दोन वेगळ्या गाड्यांसारखी वाटायची. दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या गिअरबॉक्सांची ही गोष्ट पुढे अनेक दशकं चालू राहिली.

हायड्रामॅटिकचा जन्म १९३९ सालचा. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याने त्याआधी कॅडिलॅकसाठी सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार केला होता. दोन गिअर एकमेकांत अडकताना होणारा खरखराट त्यामुळे थांबला. पुढचं पाऊल म्हणून थॉम्पसनच्या चमूने क्लचचं पेडलच काढून टाकलं. १९४० च्या मॉडेलची ओल्ड्समोबिल ही हा गिअरबॉक्स घेऊन आलेली पहिली गाडी. त्यासाठी ग्राहकाला जास्तीचे ५७ डॉलर मोजावे लागत. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घट्ट जोड नव्हता. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर बसवलेले दोन पंखे होते. इंजिनाने एक पंखा फिरवला की तेलाच्या प्रवाहाने दुसरा फिरू लागायचा. त्यामुळे गाडी सिग्नलला थांबली तरी इंजिन बंद पडायचं नाही. पुढच्या चार गिअरसाठी ग्रहमालेसारखी चाकं होती. मध्ये सूर्य, भोवती फिरणारे ग्रह आणि सर्वांत बाहेर आतून दाते असलेलं कडं. यातला कुठला भाग धरायचा आणि कुठला सोडायचा हे तेलाच्या दाबावर ठरायचं.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्राची खरी परीक्षा घेतली. एम५ स्टुअर्ट आणि नंतर एम२४ शॅफी या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅकची दोन-दोन इंजिनं होती आणि प्रत्येक इंजिनामागे एक हायड्रामॅटिक होता. युद्ध संपल्यावर जाहिरातींत हे अभिमानाने सांगितलं जाई. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या रोल्स-रॉइसनेही त्याचा परवाना घेतला.

याच काळात कंपनीतले इतर विभाग आपापल्या वाटेने निघाले होते. जनरल मोटर्समध्ये प्रत्येक विभागाचा कारभार बराचसा स्वतंत्र असे आणि प्रत्येकाचा स्वाभिमानही वेगळा असे. ब्यूकने १९४८ मध्ये डायनाफ्लो आणला. त्यात साध्या दोन पंख्यांच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर होता. पंख्यांच्या मधल्या तिसऱ्या चाकावरून परतणारं तेल योग्य दिशेने वळायचं आणि गाडी सुटताना इंजिनाचा जोर वाढून मिळायचा. हायड्रामॅटिकमधले पंखे जोर फक्त पुढे पोचवायचे, तो वाढवत नसत. डायनाफ्लोतून निघणाऱ्या गाडीला गिअर बदलायची गरजच फारशी पडत नसे. शेवरलेने १९५० मध्ये दोन गिअरचा, साधा आणि स्वस्त पॉवरग्लाइड बाजारात आणला. तो सामान्य गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडणारा होता. ॲल्युमिनियमच्या बाह्यकोशाची त्याची नवी आवृत्ती १९६२ मध्ये आली आणि १९७३ पर्यंत चालली. या तिन्हींच्या जोडीला टर्बोग्लाइड आणि रोटो-हायड्रामॅटिक असे आणखी प्रयोग येत-जात राहिले.

या विविधतेची किंमत लिव्हरवर मोजावी लागली. स्टीअरिंगजवळच्या छोट्या पट्टीवर लिहिलेल्या अक्षरांचा क्रम गाडीगणिक बदलत असे. जुन्या हायड्रामॅटिकमध्ये न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि शेवटी रिव्हर्स असा क्रम होता. पार्कची जागाच नव्हती, म्हणून चालक इंजिन बंद करून गाडी रिव्हर्समध्ये ठेवून जात. पॉवरग्लाइडमध्ये सुरुवातीला पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स असं होतं. दोन्हींत पुढे जाण्याचा लो आणि मागे जाण्याचा रिव्हर्स शेजारी-शेजारी होते. चिखलात अडकलेली गाडी पुढे-मागे झुलवून बाहेर काढायला ही मांडणी सोयीची होती. पण अरुंद गल्लीत किंवा घराच्या अंगणात हात एक खाच जास्त सरकला की पुढे जायची गाडी मागे उसळायची. क्रायस्लरने तर १९५६ पासून लिव्हरऐवजी बटणं दिली आणि १९६५ च्या मॉडेलपासून ती काढून घेतली.

१९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात लिव्हरच्या या गोंधळाचाही समाचार घेतला होता. गाडीची रचना माणसाला चूक करायला लावत असेल तर दोष एकट्या चालकाच्या माथी मारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या अमेरिकी सुरक्षा मानकाने पुढच्या गिअर आणि रिव्हर्सच्या मधोमध न्यूट्रल असलंच पाहिजे अशी अट घातली. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो हा क्रम तेव्हापासून कायम झाला.

त्याच सुमारास आतल्या यंत्रणेतही एकवाक्यता येऊ लागली. १९६४ मध्ये कॅडिलॅक आणि ब्यूकमध्ये टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला. टॉर्क कन्व्हर्टर आणि तीन गिअर हे त्याचं सूत्र. ब्यूकने मात्र त्याला सुपर टर्बाइन ४०० असं स्वतःचं नाव दिलं. एका वर्षात तो ओल्ड्समोबिल, पॉन्टिॲक आणि शेवरलेच्या दणकट गाड्यांतही दिसू लागला. पुढे रोल्स-रॉइस आणि जग्वारने तो घेतला. १९७६ मध्ये फेरारीने आपल्या पहिल्या ऑटोमॅटिक गाडीत तोच बसवला, आणि अमेरिकी लष्कराच्या सुरुवातीच्या हमव्हीतही तोच होता. फेरारी आणि लष्करी वाहन या दोन टोकांना एकच गिअरबॉक्स चालला, यावरून त्याच्या मजबुतीची कल्पना येते.

मध्यम ताकदीच्या गाड्यांसाठी ब्यूक आणि शेवरले यांनी मिळून टर्बो-हायड्रामॅटिक ३५० तयार केला. तो १९६९ च्या मॉडेलमध्ये आला. मेकॅनिकांची खरी कसरत इथून सुरू झाली, कारण ३५० आणि ४०० पाहताक्षणी भावंडं वाटतात. दोन्हींना तीन गिअर. पहिल्या गिअरचं प्रमाण ३५० मध्ये २.५२, ४०० मध्ये २.४८. दुसऱ्या गिअरचं १.५२ आणि १.४८. चालवताना एवढा फरक कळणं जवळपास अशक्य.

मग मेकॅनिक गाडीखाली सरकत आणि खालचा तेलाचा पॅन पाहत. दोन्ही पॅनना बोल्ट तेराच. पण ३५० चा पॅन जवळपास चौकोनी असतो आणि त्याचा एक कोपरा छाटल्यासारखा तिरपा असतो. ४०० च्या पॅनची कड वेडीवाकडी. अमेरिकी मेकॅनिकांना त्यात टेक्सास राज्याचा नकाशा दिसायचा आणि ते तसंच सांगायचे. दुसरी खूण एक्सलरेटरच्या जोडणीत मिळायची. ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला की खालचा गिअर पडतो, त्याला किकडाउन म्हणतात. ३५० मध्ये हा संदेश केबलने पोचतो, ४०० मध्ये विजेच्या तारेने. केबल दिसली तर ३५०, तार दिसली तर ४००.

तेवढ्यानेही काम संपत नसे. ४०० असल्याची खात्री झाली तरी तो कुठल्याही इंजिनाला बसेलच असं नव्हतं. शेवरलेच्या इंजिनाच्या मागच्या तोंडावरची बोल्टची मांडणी एक होती, तर ब्यूक, ओल्ड्समोबिल, पॉन्टिॲक आणि कॅडिलॅकची दुसरी. एकाच नावाचा गिअरबॉक्स दोन वेगळ्या तोंडांचा असायचा. भंगारवाल्याकडून स्वस्तात आणलेला ४०० इंजिनाला टेकवल्यावर भोकं जुळत नाहीत, हे कळायला माल घरी आणावा लागे.

नावंही फसवी होती. २५० हा ३५० चाच हलका भाऊ. त्यात एका क्लचसंचाच्या जागी पट्टा होता आणि तो बाहेरच्या स्क्रूने कसता येई. हा स्क्रू ही त्याची ओळख. ३७५ हे नाव तर दोघांना लागलं. एक ३७५ म्हणजे ४०० चं थोडं हलकं रूप, आणि ३७५-बी म्हणजे ३५० चं जास्त दणकट रूप. एका अक्षराने घराणंच बदलायचं.

तेलाची गोष्टही अशीच आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला लाल रंग देण्याची पद्धत होती, म्हणजे गाडीखाली डाग दिसला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे लगेच कळेल. पण जनरल मोटर्सचं डेक्स्रॉन आणि फोर्डचं टाइप एफ ही दोन्ही तेलं लालच. डेक्स्रॉनमध्ये घर्षण मऊ करणारी द्रव्यं असत, त्यामुळे क्लच हळुवार बसायचा. टाइप एफमध्ये ती नसत, म्हणून क्लच घट्ट आणि झटक्यात पकडायचा. एकाच्या जागी दुसरं भरलं तर रंगावरून चूक कळायची नाही. ती कळायची बदललेल्या गिअरच्या धक्क्यातून, आणि कधी कधी जळलेल्या क्लच प्लेटमधून.

जुन्या तेलांमधलं एक द्रव्य समुद्रातून यायचं. स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं आणि चरबीतलं तेल उष्णतेतही टिकून राहायचं आणि धातूच्या पृष्ठभागावर चिकटून राहायचं. कितीतरी लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये देवमाशाचा थोडासा अंश फिरत होता. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि हा पुरवठा थांबला. रसायनशास्त्रज्ञांना पर्यायी द्रव्यं शोधावी लागली आणि डेक्स्रॉनची सुधारित आवृत्ती बाजारात आली. जुन्या आणि नव्या तेलाचा रंग एकच राहिला.

या इतिहासातलं सर्वांत बोचरं प्रकरण १९७६ मध्ये सुरू झालं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला. गाड्या हलक्या करणं भाग पडलं. त्यासाठी कंपनीने टर्बो-हायड्रामॅटिक २०० काढला. तो वजनाने कमी होता आणि पहिल्या गिअरचं प्रमाण २.७४ असं जास्त जोर देणारं होतं. पॅनला अकराच बोल्ट होते आणि त्यावर ‘मेट्रिक’ असा शब्द उमटवलेला असे. छोट्या शेव्हेटसाठी तो ठीक होता. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत तो मोठ्या कौटुंबिक गाड्यांतही जाऊ लागला, जिथे आधी ३५० असायचा. ग्राहकाला दोन्ही वेळा फक्त ‘टर्बो-हायड्रामॅटिक’ असंच सांगितलं जाई.

तक्रारींचा पूर आला. गाडी अचानक पुढे सरकेनाशी व्हायची, कधी ड्राइव्हमध्ये टाकूनही जागची हलायची नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गिअरबॉक्सबद्दल आणि इंजिनाच्या काही भागांबद्दल कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. १९८३ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार तक्रारदारांना बेटर बिझनेस ब्युरोच्या लवादाकडे जाऊन भरपाई मागता येऊ लागली. जवळपास याच वर्षांत ओल्ड्समोबिलच्या गाड्यांत शेवरलेची इंजिनं गुपचूप बसवल्याचं प्रकरणही कोर्टात गेलं होतं. दोन्ही प्रकरणांचं मूळ एकच होतं. बाहेरचं नाव तेच ठेवून आतली वस्तू बदलली होती, आणि त्या बदलाची माहिती ग्राहकाला दिली गेली नव्हती. चार चाकांसाठी आयुष्यातली मोठी रक्कम मोजणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय विकत घेतो आहोत हे जाणण्याचा हक्क होता.

१९८० च्या दशकात चौथा गिअर आला, तो महामार्गावर इंजिनाला आराम देणारा. इथेही एका कंपनीत दोन भावंडं. १९८१ चा २००-४आर आणि १९८२ चा ७००-आर४. दोन्हींच्या पॅनला सोळा बोल्ट. २००-४आरची प्रमाणं २.७४, १.५७, १ आणि ०.६७ अशी एकसारखी उतरत जातात. ७००-आर४ मध्ये पहिला गिअर ३.०६ चा आणि दुसरा थेट १.६३ चा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचा आवाज खाली पडल्याचं स्पष्ट ऐकू येतं. कॉर्वेटसारख्या गाडीला सुटताना जोर हवा होता, तिला ७००-आर४ मिळाला. ब्यूकच्या ग्रँड नॅशनल या काळ्या, टर्बो इंजिनाच्या गाडीला २००-४आर मिळाला. २००-४आरचा बाह्यकोश बहुतेक वेळा दोन्ही बोल्ट मांडण्यांना बसेल असा होता, म्हणून जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांना तो आजही प्रिय आहे. या दोघांतही एक सामायिक दुखणं होतं. एक्सलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल तेलाचा दाब ठरवायची. ती जराशी सैल राहिली तर दाब कमी पडायचा आणि क्लच काही दिवसांत जळायचे. कित्येक चांगले गिअरबॉक्स केवळ या केबलच्या चुकीच्या ताणामुळे खराब झाले.

१९९० च्या सुमारास कंपनीने नावांची पद्धत बदलली. आता नावातच माहिती आली. ७००-आर४ झाला ४एल६०. चार म्हणजे गिअरची संख्या, एल म्हणजे इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, साठ म्हणजे ताकदीची श्रेणी. संगणकाने चालणाऱ्या आवृत्तीला पुढे ई लागला. याच पद्धतीत जुना ४०० हा ३एल८० झाला आणि त्याचा चार गिअरचा वारस ४एल८०-ई. पुढे ४एल६५-ई आला. बाहेरून तो ४एल६०-ईसारखाच. फरक पोटातल्या ग्रहमालेत होता. जुन्यात प्रत्येक मालेत चार ग्रह होते, नव्यात पाच, म्हणजे भार जास्त दातांवर वाटला जायचा. गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून विकत घेणारे बाह्यकोशावरचे छापलेले अंक आधी वाचतात.

या गोष्टीचा एक धागा पुणे जिल्ह्यातल्या चाकणपर्यंत येतो. इथल्या कारखान्यात २०२१ मध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून या दोन एसयूव्ही तयार होऊ लागल्या. एका लिटरच्या इंजिनाला सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक जोडला गेला. दीड लिटरच्या इंजिनाला सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा. पहिल्यात १९४८ च्या डायनाफ्लोसारखी तेलातून वाहणारी जोडणी आहे. दुसऱ्यात क्लच दोन आहेत, एक विषम गिअरसाठी आणि दुसरा सम गिअरसाठी, आणि पुढचा गिअर आधीच तयार असतो. कात्रजच्या चढावर वाहतुकीत इंच-इंच सरकताना हे दोन्ही गिअरबॉक्स वेगळे वागतात. दोन कोरडे क्लच असलेल्या गाडीत तो सरकण्याचा भार क्लचच्या घासण्यावर येतो, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तो तेल उचलतं. म्हणून शोरूममध्ये चौकशी करणारे जाणकार ‘ऑटोमॅटिक आहे का’ एवढंच विचारून थांबत नाहीत. टॉर्क कन्व्हर्टरचा की दोन क्लचचा, हे ते विचारतात.

दोन्ही गाड्यांच्या लिव्हरवर मात्र अक्षरं सारखीच आहेत आणि त्यांचा क्रमही तोच. पी, आर, एन, डी. आर आणि डीच्या मध्ये एन बसलेला आहे, १९६८ च्या त्या अमेरिकी मानकात ठरला होता तसाच. १९४० च्या ओल्ड्समोबिलच्या चालकाला चाकणच्या गाडीत बसवलं तर रिव्हर्स शोधायला त्याचा हात सवयीने लिव्हरच्या दुसऱ्याच टोकाला जाईल.